बाविसाव्या मजल्यावरचा बाक

मी बाक बोलतोय. बागेतला नव्हे, शाळेतला नव्हे आणि दवाखान्याबाहेरचा तर नव्हेच. एका उंच इमारतीच्या बाविसाव्या मजल्यावर, एका कार्यालयात, मोठ्या खिडकीला लागून मी आहे. लांबी साडेअकरा फूट, रुंदी दीड फूट, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच लाकूड. कुठे जोड नाही, सांधा नाही. हे सांगताना माझी छाती जरा फुगते, ते तुम्ही समजून घ्या. मी थोडा गर्विष्ठ आहे. माझी हकिकत ऐकलीत तर तुम्ही म्हणाल, असू दे, याला शोभतं.

माझा जन्म काही बाक म्हणून झाला नाही. चाळीस वर्षं मी एका गोदामाच्या छपराखाली तुळई होतो. खाली पोती यायची, पोती जायची, हमाल घाम पुसायचे. छप्पर कोणी धरून ठेवलंय हे बघायला एकानेही कधी मान वर केली नाही. मग गोदाम पाडलं आणि मी एका लाकडाच्या वखारीत येऊन पडलो. गिऱ्हाईक यायचं, मला थापटायचं, वाकून एका डोळ्याने माझा सरळपणा बघायचं आणि म्हणायचं, "माल चांगला आहे हो, पण फार लांब." आयुष्यभर जी लांबी कामाला आली तीच आता माझा दोष ठरली होती. दोन वर्षं मी तसाच तोंडावर धूळ घेऊन पडून होतो.

एके दिवशी सकाळी दोघं आली. पुढे मिस्त्री. साठीचा, कानावर पेन्सिल, बोटांची पेरं सालीसारखी खरखरीत. मागे एक बाई. पंचेचाळीशीच्या आसपास, खांद्यावर कापडी पिशवी, पिशवीत मोजायची टेप आणि एक जाडजूड वही. मिस्त्री तिला ताई म्हणायचा, म्हणून मीही ताईच म्हणतो.

मिस्त्रीने माझ्या अंगावर बोटाच्या पेराने टकटक केली, कान लावला आणि म्हणाला, "ताई, हे बोलतंय."

"लांबी?"

"साडेअकरा भरेल. पण दोन तुकडे करू. न्यायला सोपं."

"तुकडे नाही करायचे."

"अहो, जोड असा देईन की शोधून सापडणार नाही."

"तुम्हाला सापडणार नाही. बसणाऱ्याला सापडतो," ताई म्हणाली. "जोड आला की लोक जोडाच्या अलीकडे आणि पलीकडे बसतात. माझी जागा, तुझी जागा सुरू होतं. मला एकच हवाय."

त्या दिवशी पहिल्यांदा कोणीतरी मला लांब आहे म्हणून पसंत केलं.

मिस्त्रीच्या कारखान्यात मला चिरलं, रंधा मारला आणि रंध्याच्या आवाजातच मला माझी पुढची सगळी हकिकत कळली. कारण ताई रोज येऊन स्टुलावर बसायची आणि मिस्त्रीशी बोलत बसायची. तिला बोलायला दुसरं कोणी नसावं. अठरा वर्षं तिने एका बड्या कंपनीत दुसऱ्यांच्या नावावर जाणारे नकाशे काढले होते. जिने, स्वच्छतागृहं, पार्किंगच्या रेघा. शेवटी ती नोकरी सोडून तिने स्वतःची पाटी लावली. कार्यालयांची अंतर्गत सजावट, असं पाटीवर होतं. आणि हे बाविसाव्या मजल्याचं काम तिचं पहिलं मोठं काम. फसलं तर पाटी उतरवायची, एवढं सरळ गणित.

काम होतं घरगुती यंत्रांच्या तक्रारी ऐकणाऱ्या एका कंपनीचं. धुलाईयंत्र बंद पडलं, शीतकपाट गार करत नाही, असे फोन दिवसभर यायचे. चाळीस माणसं कानाला यंत्र लावून चिडलेल्या लोकांची बोलणी शांतपणे ऐकायची. कंपनी जुन्या जागेतून या नव्या उंच इमारतीत येणार होती.

ताईने काय केलं, तर नकाशा काढायच्या आधी जुन्या कार्यालयात आठवडाभर जाऊन बसली. पाण्याच्या यंत्राशेजारी एक स्टूल टाकलं आणि नुसती बघत राहिली. वहीत लिहीत राहिली. ती वही ती मिस्त्रीला वाचून दाखवायची.

"हॅलोमावशी म्हणून एक बाई आहेत. सगळ्यात जुन्या. घरी दार वाजलं तरी हॅलो म्हणतात, म्हणून नाव पडलं. त्यांची खुर्ची इतकी उंच आहे की पाय लोंबकळतात. म्हणून त्यांनी कचऱ्याची टोपली उपडी घालून पाय ठेवायला केली आहे. दुसरे एक स्वेटरकाका. गार हवेचा झोत नेमका त्यांच्या मानेवर येतो. त्यांनी पुठ्ठा कापून जाळीवर चिकटवला आहे. एक मुलगी पडद्यावर ऊन येतं म्हणून छत्री उघडून काम करते. आणि जेवायला सगळे जिन्यात बसतात. पायरीवर डबे. बाहेर ऊन आहे की ढग आलेत, संध्याकाळपर्यंत कोणाला पत्ता नसतो."

मिस्त्री रंधा थांबवून म्हणाला, "म्हणजे हे सगळे आपापलं फर्निचर आपणच करतायत की!"

"तेच म्हणते मी. प्रत्येकाने आपापल्या अडचणीवर तोडगा काढलेला आहे. त्यांना विचारलं तेवढं नाही कोणी."

मग ताईने नकाशा काढला. त्यात खुर्च्या खालीवर होणाऱ्या होत्या, झोत माणसांवर न येता वाटांवर सोडले होते, आवाज खाली घुमू नये म्हणून छताला मऊ तक्ते होते. हे सगळं कंपनीच्या साहेबांनी मान डोलावून मंजूर केलं. अडलं ते खिडकीवर. साहेबांना खिडकीच्या कडेने स्वतःची आणि दोन अधिकाऱ्यांची अशा तीन खोल्या हव्या होत्या. ताईने ती सगळी कड मोकळी सोडली होती आणि तिथे एकच वस्तू दाखवली होती. मी.

तो प्रसंग ताईने मिस्त्रीला दोनदा सांगितला, इतका तो तिच्या मनाला लागला होता.

"मॅडम," साहेब म्हणाले, "मालक मी. आणि माझी खोली मधे अंधारात?"

"साहेब, तुम्ही दिवसाला किती तास खोलीत असता?"

"दोन. फार तर तीन. बाकी भेटीगाठी असतात."

"आणि ही माणसं नऊ तास इथून हलत नाहीत. मग खिडकी कोणाला देऊ, तुम्हीच सांगा."

साहेबांनी नकाशा स्वतःकडे ओढला. मग म्हणाले, "एक करा. माझ्या खोलीला पुढून अख्खी काच लावा, म्हणजे मलाही उजेड मिळेल. आणि सहा महिने बघतो. त्या बाकावर कोणी बसत नसेल, तर तो उचलायचा आणि माझ्या तीन खोल्या उभ्या करायच्या. कबूल?"

"कबूल," ताई म्हणाली.

तर असा मी, जन्माआधीच पणाला लागलेला.

माझी उंची ठरवायची वेळ आली तेव्हा मिस्त्री म्हणाला, "अठरा इंच. सगळे अठराच करतात." ताई दुसऱ्या दिवशी आपल्या आईला घेऊन आली. आई ठेंगणी, सत्तरीची. तिनेही आयुष्यभर एका कार्यालयात टंकलेखन केलं होतं.

"आई, बस जरा. पाय टेकतात का बघ."

आईने अठरा इंचांच्या फळीवर बसून पाहिलं. "टाचा उचलतात गं."

मिस्त्रीने फळीखालचे ठोकळे एकेक करून काढले. सतरा. साडेसोळा. सोळा. "आता टेकले," आई म्हणाली आणि मग हसून म्हणाली, "तीस वर्षं मी पायाखाली दोन विटा ठेवून काढली. एकदा नवीन शिपायाने विटा फेकून दिल्या. तर मी त्या दिवशी रजा टाकून घरी आले. तुला आठवतंय?"

"आठवतंय," ताई म्हणाली आणि टेप गुंडाळत बसली. खरं तर टेप केव्हाच गुंडाळून झाली होती.

सोळा इंच ठरले. पुढची कड गोल घासली, मांडीखाली रुतू नये म्हणून. बसायच्या जागेला मागच्या बाजूला बोटभर उतार दिला. मिस्त्री कुरकुरला, "उतार दिला तर लोक झोपतील ताई." ताई म्हणाली, "चिडलेल्या माणसांचे सत्तर फोन घ्या आणि मग बोला."

मला इमारतीखाली आणलं त्या दिवशी खरी परीक्षा झाली. लिफ्ट होती साडेसात फुटांची, मी साडेअकरा. तिरका, आडवा, कोपऱ्यातून, सगळं करून झालं. मग जिना. चार जणांनी मला उचललं आणि पहिल्याच वळणावर मी अडकलो. पुढे जाईना, मागे येईना. अर्धा तास मी भिंत आणि कठड्याच्या मधे, आणि खाली इमारतीचा सुपरवायझर ओरडतोय, "रंग गेला, रंग गेला!" शेवटी कसाबसा उलटा खाली आणला.

मिस्त्रीने घाम पुसला. "ताई, आता तरी ऐका. करवत गाडीतच आहे."

ताईने माझ्यावरून एकदा हात फिरवला. मला कळत होतं, ती हो म्हणणार आहे. तिने हात टेकले होते. तेवढ्यात बाजूला पायरीवर डबा खात बसलेला लिफ्टचा मेकॅनिक बोलला. महिन्याच्या तपासणीला आला होता. तोंडातला घास संपवून म्हणाला, "आत मावत नाही ना? मग डोक्यावर घेऊ."

"कोणाच्या डोक्यावर?"

"लिफ्टच्या. लिफ्ट एक मजला खाली, तळघरात उतरवतो, तिचं छप्पर या फरशीला लावतो. फळी त्या छपरावर उभी करायची. वर मोकळी विहीर आहे, हवं तेवढं उंच. हळूहळू नेतो. आम्ही आमचे रूळ असेच नेतो की."

परवानगीचा कागद मिळायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी सकाळी मेकॅनिक म्हणाला, "मी बटणं सांभाळीन. फळी धरायला एक माणूस हवा, लाकडाचा तोल कळणारा." सगळ्यांच्या नजरा मिस्त्रीकडे वळल्या आणि मिस्त्रीचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने तेव्हा सांगून टाकलं. उंचीची भीती. जन्मात चौथ्या मजल्याच्या वर गेला नव्हता. हे काम त्याने घेतलं तेच मुळी, बसवायला दुसऱ्या कोणाला तरी पाठवू, असं मनाशी ठरवून.

ताई म्हणाली, "राहू द्या मिस्त्री. कापूया. खरंच."

कापूया हा शब्द ऐकला मात्र, मिस्त्री उठला. "कापूया कसं? आता घडवलाय मी त्याला."

मेकॅनिकने त्याच्या कमरेला पट्टा बांधला. त्याने डोळे गच्च मिटले आणि मला मिठी मारली. बावीस मजले मिठी मारून होता तो. विहिरीत अंधार, तारा कुरकुरतायत, मेकॅनिक एकेक मजला मोजतोय आणि मिस्त्री माझ्या कानाशी पुटपुटतोय, "हलू नको रे बाबा. हलू नको. झालंच. झालंच आता." आयुष्यात खूप माणसांचा भार मी घेतला, पण तसा जीव लावून मला कोणी धरलं नाही. वर दार उघडलं, माझं खालचं टोक बाहेर ओढलं आणि मी त्या मजल्याच्या फरशीवर आडवा झालो, अखंड. माणसं लिफ्टमध्ये बसून येतात. मी तिच्या डोक्यावर बसून आलो. सांगा, गर्व करू नको का?

मिस्त्रीने दोन दिवस खिडकीकडे पाठ करून काम केलं. शेवटचा खिळा बसल्यावर ताई म्हणाली, "पहिल्यांदा तुम्ही बसा." तो बसला. हळूच मान वळवली. खाली रस्ते, छपरं, लांबवर एक नदी दोरीसारखी पडलेली.

"अरे बापरे," तो म्हणाला. "एवढं आहे होय!"

कंपनी आली. खुर्च्या आवडल्या. स्वेटरकाकांनी चौथ्या दिवशी स्वेटर काढला, त्याची मजलाभर चर्चा झाली. आणि मी? मी रिकामा.

पहिला आठवडा मी म्हटलं, नवीन जागा आहे, लाजत असतील. पहिला महिना म्हटलं, कामाचा ताण असेल. लोक लांबून बघायचे, छान आहे म्हणायचे आणि डबे घेऊन जिन्यात जायचे. नव्या इमारतीतही जिन्यातच! साफसफाईवाली बाई तेवढी मला रोज पुसायची. धूळ पुसायला धूळ तरी हवी ना, ती म्हणायची, यावर कोणी बसतही नाही आणि काही सांडतही नाही.

ताईला वाटलं, ऊन लागत असेल. तिने पडदे बसवले. तरी कोणी आलं नाही. पाच महिने झाले. साहेबांचा निरोप गेला, "मॅडम, मिस्त्रीला बाक उचलायची तारीख विचारून ठेवा."

मला तर वखारीची धूळ पुन्हा नाकात जायला लागली. यावेळी तर लांब म्हणूनही कोणी नाकारलं नव्हतं. का नाकारलं तेच कळत नव्हतं.

निरोप मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी ताई सकाळी दहा वाजता आली, वही काढली आणि माझ्यावर येऊन बसली. दिवसभर बसायचं ठरवूनच. बरोबर एक वाजता हॅलोमावशी डबा घेऊन उठल्या. माझ्या दिशेने चार पावलं आल्या. मग त्यांनी समोर बघितलं आणि वळून जिन्याकडे गेल्या. ताईने त्या जिथे बघत होत्या तिथे बघितलं. समोर साहेबांची खोली. अख्खी काच. काचेपलीकडे साहेब, फोनवर बोलता बोलता नेमके इकडे तोंड करून.

ताई जिन्यात गेली. परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. ती सरळ साहेबांच्या खोलीत शिरली. दार उघडंच राहिलं, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"साहेब, चूक झाली आहे. माझी."

"बाकाची?"

"बाकाची नाही. ही काच मी लावली. उजेड येईल म्हणून लावली आणि तिच्यातून नजरही जाते, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मावशी काय म्हणाल्या सांगू? म्हणाल्या, साहेब देवमाणूस आहेत, एका शब्दाने बोलत नाहीत. पण त्यांनी मान वर केली की माझे पाय आपोआप उठतात."

साहेब दुखावले. "म्हणजे मी काय पहारा करतो? मॅडम, माझी माणसं बसलेली मला दिसली तर मला काय त्याचं?"

"ती तुम्हाला दिसतात याचं काही नाही. तुम्ही बघताय हे त्यांना दिसतं."

मग साहेब जे बोलले, ते मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. हळू आवाजात म्हणाले, "मी त्यांच्याकडे बघतच नव्हतो हो. मी बाहेर बघत होतो. दिवसभरात तेवढंच आकाश मिळतं मला."

ताई एकदम खुर्चीत बसली. मला वाटतं तिला हसू आणि रडू दोन्ही येत होतं. तिने चाळीस माणसांचा विचार केला होता. एक्केचाळिसावा राहून गेला होता.

"मग काचेतून कशाला बघता साहेब?" ती म्हणाली. "टेबल फिरवून घ्या, काचेला छातीइतका दुधी कागद लावू. आणि आकाश बघायचं तर बाक आहे ना तुमचा."

दुसऱ्या दिवशी एक वाजता साहेब डबा घेऊन बाहेर आले आणि माझ्या मधोमध बसले. सगळा मजला चिडीचूप. फोनवर बोलणारेसुद्धा हळू बोलायला लागले. साहेब एकटेच जेवले, एकटेच आकाश बघितलं, डबा मिटून गेले. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तसंच. साडेअकरा फुटांवर एक माणूस. मला त्यांची इतकी दया आली, काय सांगू! त्यांनाही आता कळलं असावं, रिकामं वाटणं म्हणजे काय असतं ते.

तिसऱ्या दिवशी हॅलोमावशी उठल्या. डबा घेतला. त्या थेट माझ्यापाशी आल्या आणि फोनवर गिऱ्हाइकाशी बोलतात त्याच आवाजात म्हणाल्या, "साहेब, जरा सरका."

साहेब गडबडून सरकले.

"अजून थोडं. मी काही काडी नाही."

कोण आधी हसलं ते मला नाही कळलं. बहुतेक साहेबच. पण मग स्वेटरकाका आले, छत्रीवाली मुलगी आली, दोन वाजेपर्यंत माझ्यावर नऊ माणसं होती आणि एकाच्या मांडीवर दुसऱ्याचा डबा. सोळा इंचांवर मावशींचे दोन्ही पाय फरशीला सपाट टेकले होते. सहा महिने कधी पूर्ण झाले ते कोणाच्याच लक्षात राहिलं नाही.

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. साहेब निवृत्त झाले, त्यांची पुतणी कारभार बघते. चाळिसांची सत्तर माणसं झाली. माझा रंग मधल्या भागात पार उडालाय आणि तिथलं लाकूड इतकं गुळगुळीत झालंय की हात फिरवावासा वाटतो. गार कोरड्या हवेने एकदा मला वीतभर भेग गेली. मिस्त्री स्वतः आला, आता काठी टेकत, आणि त्याने भेगेवर फुलपाखराच्या आकाराचा लाकडी तुकडा ठोकून बसवला. लिफ्टमधून आला होता, डोळे उघडे ठेवून. त्या तुकड्याला लोक नक्षी समजतात. समजू देत.

माणसं बसतात कशी, हे माझ्याइतकं कोणाला कळत नाही. चांगली बातमी असलेला कडेवर बसतो, कधीही उठेल असा. वाईट बातमी असलेला पार मागे रेलतो. नोकरी सोडायचं मनात असलेला खिडकीकडे तोंड करून बसतो आणि बऱ्याचदा, पंधरा मिनिटांनी, आत तोंड करून उठतो. एक लग्न माझ्यावर ठरलं. एक भांडण इतकं पेटलं की दोघं दोन टोकांना बसली, पण उठलं कोणीच नाही, आणि संध्याकाळपर्यंत मधलं अंतर सहा फुटांवर आलं.

इतर मजल्यांवरचे अधिकारी येऊन मला बघून गेले. आता या इमारतीत खिडकीला लावलेले आणखी सात बाक आहेत. सगळे दोन तुकड्यांचे. मी नाक मुरडत नाही. थोडंसं मुरडतो.

उंच इमारती बांधणाऱ्यांना, मजले सजवणाऱ्यांना माझं एवढंच मागणं आहे. उंची मोजताना माणूस बसवून मोजा. आणि सगळं झाल्यावर एक दिवस येऊन स्वतः बसा. चूक कुठे झाली ते कागदावर दिसत नाही, बूड टेकल्यावर कळतं.

गेल्या महिन्यात ताई आली होती. केस पांढरे झालेत. ती आता शिकवते, बरोबर सात-आठ विद्यार्थी होते. दुपारची वेळ. मजल्यावर तिला ओळखणारं कोणी उरलेलं नाही. दाराशी बसणाऱ्या नव्या मुलीने विचारलं, "कोणाला भेटायचंय आपल्याला?"

"कोणाला नाही," ताई म्हणाली. "जरा बघायचं होतं. तुमच्या मॅडमची परवानगी घेतली आहे."

ती खांबाशी उभी राहिली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी गच्च भरलेला. एक टोक जेवतंय, एक टोक हसतंय, मधे कोणीतरी चक्क डुलकी काढतंय. पाऊण तास ती उभी होती, पण इंचभर जागा झाली नाही. एका विद्यार्थिनीने न राहवून विचारलं, "मॅडम, तुम्हाला उभं राहून त्रास होतोय. सांगू का कोणाला उठायला?"

"खबरदार," ताई म्हणाली. "इथे जागा मिळू नये म्हणूनच तर एवढा खटाटोप केला होता."

मग ती वळली आणि गेली. मला तिला हाक मारायची होती, पण कशी मारणार? अंगावर नऊ माणसं होती.